झडतीकाकांच्या निळ्या सावल्या

लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या त्या गृहस्थांना प्रकाशनाच्या कचेरीत सगळे झडतीकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठ वळली की झडतीकाका. आपल्याला हे नाव पडलंय याची त्यांना कुणकुण होती आणि ते कुणी पाडलं याबद्दल एक पक्का संशयही होता: प्रूफं तपासणाऱ्या बाई. त्या बिचाऱ्या निवृत्त होऊन गेल्या, पण काकांचा संशय काही निवृत्त झाला नाही.

नाव मात्र चपखल होतं. दुसऱ्या कुणाचं चित्र हातात आलं की काका ते बघत नसत, त्याची झडती घेत. पहिला प्रश्न ठरलेला. "उजेड कुठून येतोय? खिडकीतून ना? मग या बाईच्या दुसऱ्या गालावर टॉर्च कोण मारतंय? आणि ही खुर्ची जमिनीवर ठेवलीय की हवेत टांगलीय? पायाशी सावलीच नाही तिच्या!" त्यांचं म्हणणं असं, की झाड निळं काढा, माणसाला सहा बोटं काढा, पोरं हसतील आणि पान उलटतील. पण सावली चुकली की चित्र खोटं पडतं. काय चुकलंय ते पोराला सांगता येत नाही, पण त्याच्या मनात पाल चुकचुकते, आणि मग त्या पुस्तकातल्या कासवावर त्याचा विश्वास बसत नाही.

चित्रापुरतं हे ठीक होतं. पण काका तीच नजर घेऊन बाजारात जात आणि तीच घेऊन घरी येत. भाजीवाला हसून बोलला, की ते तराजूच्या काट्याकडे बघत. शेजाऱ्यानं तब्येत विचारली, की याला आपली खोली भाड्यानं हवी असणार असं त्यांच्या मनात येई. "तुम्हाला कुणी फुलं दिली ना, तरी तुम्ही आधी देठाचा वास घेऊन बघाल," असं त्यांची बायको म्हणायची. ती होती तोवर त्यांच्या संशयाला कुंपण होतं. ती गेली आणि गुरं मोकाट सुटावीत तसं झालं.

सुनेवरचा संशय तर ती सून व्हायच्या आधीपासूनचा. मुलानं तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा काकांनी तिला नेमकं उत्तरेच्या खिडकीपाशी बसवलं. चहा झाला, गप्पा झाल्या. मुलगी मोकळी होती, विचारलं तेवढं बोलत होती, कप स्वतः उचलून ठेवत होती. काका सगळा वेळ तिच्या नाकाकडे बघत होते. ती गेल्यावर मुलानं विचारलं, "कशी वाटली, बाबा?"

"बरी आहे. पण तिच्या नाकाला दोन्ही बाजूंनी सावली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे खिडकी एक आणि सावल्या दोन. एक पडलेली, एक लावलेली."

"बाबा, ती नाटक कंपनीत रंगभूषा करते. तालमीतून थेट आली होती. थोडा मेकअप राहिला असेल."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. "सावल्या लावणं हाच जिचा धंदा, तिच्यावर भरवसा ठेवायचा कसा?"

हाच आपलाही धंदा आहे, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

लग्न झालं, सून घरात आली. तिच्यात नाव ठेवायला काका जागा शोधत राहिले आणि सापडेना तशी त्यांची चिडचिड वाढत गेली. तिच्या त्या डब्या मात्र त्यांना खुपायच्या. लहान-मोठ्या गोल डब्या, त्यांत मातकट, गुलाबी, नारिंगी, राखी पावडरी, मऊ केसांचे जाडजूड ब्रश. त्या सगळ्याला एक गोडसर वास असायचा. नाटकाचा प्रयोग नसला की दुपारी ती घरीच असे. कधीतरी काकांच्या खोलीच्या दारात उभी राहून ती म्हणे, "इथला उजेड किती छान आहे हो, बाबा." काका मान न वळवता म्हणत, "हो, म्हणूनच मी इथे बसतो." मनात म्हणत, आली खोलीवर नजर.

ती खोली म्हणजे काकांचा जीव होता. उत्तरेची मोठी खिडकी, तिच्या डावीकडे तिरकं टेबल, टेबलावर रंगपेटी, दोन पाण्याची भांडी, रंग पुसायला जुन्या बनियनचे तुकडे. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर फारसा हलत नाही. "हा एकटाच काय तो इमानदार," असं ते त्या खिडकीकडे बोट दाखवून सांगत.

त्या वर्षी कचेरीतून एक मोठं काम आलं. एका कासवाला वाटेत जळता कंदील सापडतो आणि तो कुणाचा हे शोधत ते जंगलभर फिरतं, अशी गोष्ट. म्हणजे पानापानावर अंधार आणि पानापानावर एकच दिवा. काकांना असं काम म्हणजे आंदणच. दिव्याजवळची सावली कशी काळीभोर आणि कातरलेली असते, दूर जाता जाता तिची कड कशी विरघळते. दिव्याचा पिवळा उजेड जिथे पोचत नाही तिथे गारवा कसा निळा होऊन उतरतो. आणि जमिनीवर पडलेला उजेड परत उसळून कासवाच्या पोटाखाली कसा हलकेच लागतो. या शेवटच्याला काका 'उसना उजेड' म्हणत. नवशिके चित्रकार नेमका तोच विसरतात, आणि मग त्यांची कासवं जमिनीला चिकटवल्यासारखी दिसतात, असं त्यांचं मत होतं.

पहिली काही चित्रं गेली आणि परत आली. संपादकबाईंनी फोन केला. त्या तशा मितभाषी. "काका, चित्रं छान आहेत. फक्त सावल्या जरा फार निळ्या होताहेत का? आणि काही ठिकाणी इतक्या दाट, की आत काही दिसतच नाही."

"दिव्याच्या उजेडातली सावली निळीच असते, बाई."

"हो, पण इतकी?"

काकांनी फोन ठेवला आणि खोलीत येरझाऱ्या घातल्या. एवढ्या वर्षांत सावलीबद्दल त्यांना कुणी शब्द बोललं नव्हतं. कचेरीत हल्ली संगणकावर चित्रं करणारी तरुण मंडळी येऊ लागली होती. बरोबर. म्हाताऱ्याला दोष द्यायचा, हळूहळू काम काढून घ्यायचं आणि एक दिवस हार घालून घरी बसवायचं. सुतावरून स्वर्ग गाठायला त्यांना वेळ लागत नसे. त्यांनी तीच चित्रं पुन्हा केली, तश्शीच, सावल्या तसूभरही न बदलता. उलट एका पानावर जरा जास्तच निळा चढवला. मुलाचं ऑफिस कचेरीच्या पुढेच होतं, तो सकाळी जाताना चित्रांची मोठी फाईल तिथे पोचवायचा. त्यानं ती पोचवली.

दोन दिवसांनी फोन. "काका, सुरेख! अगदी हवं तसं झालंय. कासवाच्या अंगावरचा उजेड बघून आमची टायपिस्ट म्हणाली, हात लावून बघावंसं वाटतं."

कौतुक ऐकून दुसरा कुणी फुलला असता. काका पांढरे पडले. आपण तर काहीच बदललं नाही! मग ही बाई हवं तसं झालं म्हणते कशाला? एक तर ती खोटं बोलतेय, नाही तर कुणीतरी मध्ये हात मारतंय.

ते तडक कचेरीत गेले. छपाईपूर्वीची रंगीत पानं भिंतीला लावलेली होती. काका भिंतीला नाक लावून उभे राहिले. चित्र त्यांचं होतं, पण सावली त्यांची नव्हती. निळ्यावर काहीतरी मातकट चढलं होतं. कडा, ज्या त्यांनी ब्रशच्या टोकानं ओढल्या होत्या, त्या दिव्यापासून दूर जाताना धुरासारख्या विरल्या होत्या. आणि कासवाच्या पोटाखाली उसन्या उजेडाची एक फिकट पट्टी होती. ती काकांनी काढलीच नव्हती.

वाईट म्हणजे, ती बरोबर जागी होती.

चोराला काम येतं, हे काकांच्या लक्षात आलं आणि त्यांचं टाळकं सरकलं. चित्रं संगणकात घेणारा एक माणूस कोपऱ्यातल्या खोलीत बसे. शांत, जाड भिंगाचा चष्मा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. काकांनी त्याला दारातच गाठलं.

"माझ्या चित्रांना हात लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"मी? काका, मी नुसती आत घेतो ती."

"आत घेता आणि बाहेर काढता तेव्हा ती बदललेली असतात! त्या यंत्रात बटणं दाबून कुणाच्याही कामाची माती करता येते, माहीत आहे मला. कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला? बाईंनी?"

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं उठून बघायला लागली. संपादकबाई बाहेर आल्या. त्या माणसाचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. त्यानं कपाट उघडलं, काकांची फाईल काढली आणि मूळ चित्र टेबलावर ठेवलं. "बघा, काका. कागदावर आहे तेच भिंतीवर आहे."

होतं. खुद्द कागदावर, काकांच्या सहीच्या बोटभर वर, ती परकी सावली पसरली होती. काकांनी चित्र उचलून तिरकं धरलं. ब्रशचा एकही फटकारा दिसेना. जणू कुणी फुंकर मारून रंग बसवला होता. त्यांनी कागद नाकाशी नेला आणि चमकले. मग फाईल काखेत मारली आणि निघाले. त्या माणसाची माफी मागायचं त्यांच्या मनातही आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं, कारण कागदाला तो गोडसर वास येत होता.

आता घरात पाळत सुरू झाली. सुनेनं चहा आणून दिला की काका तिच्या बोटांकडे बघत, नखात कुठला रंग अडकलाय का. ती खोलीवरून गेली की ते पाण्याची भांडी तपासत. नवराबायको स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत असली, की काका कपाटातलं काहीतरी शोधायच्या निमित्तानं बोळात उभे राहत. एकदा त्यांच्या कानावर आलं ते असं:

"त्यांना आत्ता कळता कामा नये," मुलगा म्हणत होता. "पार खचतील ते."

"आणि किती दिवस असं चालवायचं? मला भीती वाटते रे."

"पुस्तक होऊ दे. मग बघू. आणि त्या खोलीचंही तेव्हाच बोलू."

खोली! काकांच्या डोळ्यांपुढे सगळं चित्र उभं राहिलं. आधी काम बिघडवायचं, मग काम जाणार, काम गेलं की म्हाताऱ्याला खोली कशाला? उजेडाची खोली सूनबाईंना. आणि पोटचा पोरगा सामील. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणून सांगितलं. सुनेनं लगेच वाटीत मऊ भात कालवून आणला, तर वाटी हातात धरून ते बराच वेळ नुसते बघत राहिले.

पुस्तकाचं शेवटचं मोठं चित्र झालं. कासव कंदिलासकट एका झोपडीच्या दारात उभं आहे आणि आतल्या म्हातारीची सावली भिंतभर पसरली आहे. काकांनी ते टेबलावर वाळत ठेवलं, चपला घातल्या आणि मोठ्यानं सांगितलं, "मी केस कापून येतो. वेळ लागेल, गर्दी असते." कोपऱ्यापर्यंत गेले, चांभाराच्या दुकानाच्या आडोशाला थोडा वेळ उभे राहिले आणि परत फिरले. दाराची किल्ली त्यांनी मुद्दाम खिशात ठेवली होती. दार न वाजवता उघडलं.

सून त्यांच्या खुर्चीत बसली होती. समोर चित्र, बाजूला उघड्या डब्या, हातात तो मऊ ब्रश. ती ब्रश चित्राला टेकवत नव्हती, जवळजवळ हवेतच फिरवत होती.

"सापडलीस!" काका ओरडले.

ती दचकली, पण हात हलला नाही. तिनं आधी ब्रश बाजूला ठेवला, मग उठून उभी राहिली. "बाबा, काय बोलायचं ते बोला. फक्त त्या कागदाला हात नका लावू. अजून बसली नाहीय पावडर."

"माझ्या चित्राला हात लावू नको असं तू मला सांगतेस? माझ्या घरात बसून माझ्याच कामाला तोंडाला लावायची पावडर फासतेस? कधीपासून चाललंय हे?"

"चित्रं परत आली तेव्हापासून."

"का? मी काय वाकडं केलं होतं तुझं? खोली हवी होती, तर तोंडानं मागायची!"

"खोली हवीच होती मला," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? उजेड चांगला आहे इथला. अर्धी खिडकी मिळाली असती तरी चाललं असतं. पण त्याचा आणि याचा काही संबंध नाही. बाबा, तुमच्या सावल्या निळ्या होताहेत. थोड्याथोडक्या नाही, शाई सांडल्यासारख्या. तुम्हाला दिसत नाही ते."

"मला? सावली मला दिसत नाही?"

"पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या नाकाकडे बघत बसला होता, तेव्हा मी घरी जाऊन सांगितलं होतं आईला, की या माणसाच्या डोळ्यातून काही सुटत नाही. आता मी तुमच्यासमोर नाकाला निळा रंग लावून आले, तरी तुम्हाला कळणार नाही."

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ती स्वयंपाकघरात गेलीसुद्धा. एक पांढरा कप घेऊन आली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"हा कोणत्या रंगाचा आहे?"

"पोरखेळ लावलायस?"

"सांगा तरी."

"पांढरा."

"आता उजवा डोळा हातानं झाका. मग डावा झाका. मी बोलत नाही काही. तुम्हीच बघा."

यात काय डाव असावा, हे काकांनी क्षणभर शोधून पाहिलं. कपाखाली वाकून बघितलं, खिडकीचा पडदा हलवून बघितला. मग उजवा डोळा झाकला. कप चहात बुडवून काढल्यासारखा पिवळट तपकिरी होता, कडा अंधूक. त्यांनी डावा झाकला. कप बराच पांढरा झाला. पुन्हा उजवा. पुन्हा पिवळा. त्यांनी असं कितीतरी वेळा केलं. कप जागचा हलला नव्हता, उजेड तोच होता, खिडकी तीच होती.

मग त्यांनी डावा डोळा झाकलेलाच ठेवून चित्राकडे पाहिलं. सुनेनं पावडर लावलेला भाग वगळता झोपडीची सगळी भिंत निळीशार ओरडत होती. म्हातारीची सावली म्हणून त्यांनी जे काढलं होतं ते सावलीसारखं नव्हतंच, भिंतीला पडलेल्या भोकासारखं होतं.

काका खुर्चीत बसले. डोक्यातल्या चित्रात त्यांना निळा हवा असायचा, कागदावर तो उतरलेला दिसायचा नाही, म्हणून ते आणखी चढवत राहिले होते. जगात सगळ्यांची झडती त्यांनी घेतली होती: भाजीवाल्याची, शेजाऱ्याची, संपादकबाईंची, त्या यंत्रावरच्या माणसाची, पोटच्या पोराची. आपल्या डोळ्यांची घ्यावी असं एकदाही सुचलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "या निळ्यावर काय लावलंस?"

"नारिंगी. अगदी पुसट." ती कट्ट्याला टेकून उभी होती, डोळे पुसत. "नटांच्या डोळ्यांखाली जागरणानं निळी वर्तुळं येतात ना? त्यावर पांढरं लावलं तर राखेसारखं दिसतं. नारिंगी लावलं की निळं मरतं."

"आणि पोटाखालचा उसना उजेड?"

"तो तुम्ही सगळ्या चित्रांत काढता. त्या चित्रात नव्हता. मला वाटलं, राहून गेला असेल."

काकांनी आपल्या जुन्या बनियनचा एक स्वच्छ तुकडा तिच्यापुढे धरला. तिनं त्यानं नाक पुसलं.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा त्याला दारातच ऐकून घ्यावं लागलं. "मला कळता कामा नये म्हणे! मी काय काचेचा आहे? बायकोला चोरासारखं बसवलंस माझ्या खुर्चीत!" मुलगा आधी बायकोकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला मी डोळे तपासा म्हटलं असतं, तर तुम्ही डॉक्टरकडे माझं काही कमिशन बांधलेलं आहे का ते आधी तपासलं असतं." खरं तर काकांच्या मनात तो विचार तेव्हाही चालूच होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, डाव्यात पिकलेला. डॉक्टरीणबाईंना काकांनी इतके प्रश्न विचारले, की शेवटी त्या म्हणाल्या, "आजोबा, भिंग मी घालणार आहे, की तुम्ही?" डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पट्टी निघाली तेव्हा काकांनी पहिलं काय पाहिलं असेल, तर डॉक्टरीणबाईंचा कोट. तो इतका पांढरा होता, की त्यांना वाटलं, यांनी मुद्दाम नवा घातलाय. घरी येताना रस्त्यातल्या भिंतींच्या सावल्या त्यांना एकेक करून दाखवाव्याशा वाटत होत्या. सुनेचा हात धरून ते दर चार पावलांवर थांबत. "ही बघ. ही राखी आहे. आणि ही, विटांमुळे तांबूस. कुठे आहे निळा? अं? कुठे आहे?" लोक वळून बघत होते.

घरी आल्यावर त्यांनी गेल्या काही वर्षांची सगळी चित्रं बाहेर काढली. मुलानं नको म्हटलं तरी ऐकलं नाही. निळेपणा हळूहळू चढत गेलेला दिसत होता, पूर यावा तसा. काही पुस्तकं छापून पोरांच्या हातात जाऊनही जमाना झाला होता.

दुसऱ्या डोळ्याचंही झाल्यावर ते कचेरीत गेले. आधी कोपऱ्यातल्या खोलीत. यंत्रावरचा माणूस त्यांना पाहून सावध झाला, त्यानं कपाटाकडे हात नेला.

"राहू दे ते," काका म्हणाले. "मी चार माणसांत बोललो तुम्हाला. चूक माझी होती. आता चार माणसांत सांगायला आलोय. बोलवा सगळ्यांना."

"जाऊ द्या हो, काका."

"जाऊ द्या नाही. बोलवा."

त्यानं बोलावलं नाही, तेव्हा काकांनी स्वतःच दारात उभं राहून मोठ्यानं सांगितलं. आख्खी कचेरी ऐकत राहिली. तो माणूस इतका अवघडला, की मागच्या वेळेपेक्षा जास्त लाल झाला. मग काकांनी संपादकबाईंना कासवाच्या चित्रांवर कुणाचा हात फिरलाय ते सांगितलं. बाई जराशा हसल्या. "दोन हात आहेत हे दिसत होतं मला. म्हटलं, शिष्य ठेवला असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याशी? सावलीबद्दल?" त्या म्हणाल्या. "आधी एकदा बोलले होते ना."

पुस्तकावर दोघांची नावं आली. सुनेचं नाव काकांच्या नावाखाली लहान अक्षरांत छापलं गेलं, ते बघून काका भडकले आणि दुसऱ्या आवृत्तीत ते सारख्या अक्षरांत आलं. संपादकबाईंनी तिला स्वतंत्र पुस्तक देऊ केलं. तिनं नाही म्हटलं. "कागद हलत नाही," ती काकांना म्हणाली. "नट मान वळवतो आणि मी लावलेली सावली खोटी पडते की खरी ठरते, ते तिथल्या तिथे कळतं. मला ते आवडतं." काकांना हे कारण काही पटलं नाही. खरं कारण काय असेल, याचा ते आठवडाभर विचार करत होते.

खिडकीची वाटणी झाली. टेबल थोडं सरकलं, उजव्या बाजूला आरसा आला. आरशात उलटा उजेड पडून आपल्या कागदावर येतो, अशी तक्रार काकांनी पहिल्याच दिवशी केली. मग आरशाला एक जुनी चादर मिळाली, काम नसताना पांघरायला.

त्या हिवाळ्यात सुनेच्या कंपनीचं नवं नाटक लागलं. आजवर काका एकाही प्रयोगाला गेले नव्हते. फुकटचा पास देतात म्हणजे नाटक पडलेलं असणार, असा त्यांचा हिशेब. या वेळी ते आपणहून गेले आणि पहिल्या रांगेत बसले, डोळ्यांत तेल घालून. नाटकात एक म्हातारा होता. खंगलेला, गालफडं बसलेली, कपाळावर आठ्यांचं जाळं. दिवे वरून होते, समोरूनही होते, आणि तरी त्या चेहऱ्यावरची एकही आठी खोटी पडेना. काका प्रत्येक प्रवेशात दिवा कुठून येतोय ते ताडायला बघत, आणि प्रत्येक वेळी म्हातारा तोंड उघडे आणि ते विसरून जात. शेवटी तो खुर्चीत बसल्या बसल्या मरतो, तेव्हा काकांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा रुमाल वापरला.

पडदा पडल्यावर ते आत गेले. रंगपटात आरशाभोवती दिवे जळत होते. सुनेच्या समोर तो म्हातारा बसला होता आणि ती ओल्या कापसानं त्याचं म्हातारपण पुसत होती. निम्मा चेहरा उतरला होता, आतून पंचविशीचा एक गुळगुळीत मुलगा बाहेर येत होता.

"थांब, थांब!" काका ओरडले. "उरलेलं पुसू नको."

नट घाबरून तसाच बसला. काकांनी खिशातून जवळचा चष्मा काढून लावला, त्याची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला, मग दिव्यापासून दूर, मग खाली. जवळून तिथे आठी नव्हतीच. एक तपकिरी रेघ, तिच्या एका कडेला फिकट पिवळा, दुसरी कड बोटानं विरघळवलेली. बस्स.

"ही खालची कड एवढी उजळ का ठेवलीस?" त्यांनी विचारलं.

"समोरचे दिवे खालून मारतात ना. तेही वरून असते तर उलटं केलं असतं."

काकांनी मान हलवली. मग शंका आल्यासारखं करून पुन्हा वाकले. "आणि समजा, मधला एखादा दिवा गेला तर?"

"एकदा गेला होता," सून म्हणाली. "बसा, सांगते." तिनं डब्यांची पेटी बाजूला करून त्यांना स्टूल दिलं. नट बिचारा अर्ध्या चेहऱ्यानं दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला घरी जायचं होतं, पण सांगायची हिंमत होईना.